वाटेवरचे नागपूर

विमानाने प्रवास करणाऱ्याला जी शहरे केवळ वाटेवर लागतात, त्यांच्याविषयी त्याच्या मनात बहुधा एक प्रकारची उदासीनता असते. एका विमानातून उतरावयाचे, दुसऱ्याची वाट पाहावयाची, आणि मधले चार तास कसेबसे ढकलावयाचे, एवढाच त्या शहराशी त्याचा संबंध. सरकारी कामानिमित्त सतत हिंडणाऱ्या माणसाला तर ही उदासीनता अंगवळणीच पडते. परंतु मधल्या थांब्याचे गाव हे नुसते मधले नसते. ते तेथे का आहे, याला इतिहास असतो. नागपूरच्या उदाहरणाने ही गोष्ट आज मांडावयाची आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर दीड वर्षाच्या आत, जानेवारी १९४९ मध्ये, देशात रात्रीची विमानडाक सुरू झाली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी या योजनेचा पाठपुरावा केला होता. कल्पना अगदी साधी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत विमाने पुन्हा आकाशात झेपावत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास पोचे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत पडली. सारा देश निजलेला असताना नागपुरात मात्र काही घटका चारी दिशांचा बाजार भरत असे.

हे काम जोखमीचेही होते. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकविमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तेरा जणांचा अंत झाला. सकाळी हाती पडणाऱ्या पत्रामागे कोणाची तरी जागरणाची रात्र असते, आणि क्वचित त्याहून मोठी किंमतही, हे अशा प्रसंगी ध्यानात येते.

ही भेट नागपुरातच का व्हावी? नकाशावर दृष्टी टाकली की उत्तर मिळते. पण नकाशा तरी कोणी तयार केला? विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. दोन दशके तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि नागपूरच्या वाटेवर असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्या महान मोजणीची आठवण म्हणून नागपुरात १९०७ सालचा एक स्तंभ उभा आहे. लोक त्यास 'झिरो माईल' म्हणतात व भारताचा मध्यबिंदू मानतात. त्याचे मूळ काम मात्र उंचीची खूण म्हणून होते, समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट, असा त्याचा आकडा आहे.

या स्तंभापासून जवळच सीताबर्डीची टेकडी आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. भोसल्यांचा पराभव झाला. पुढे तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईकडून आगगाडी आली, आणि कालांतराने चारी दिशांचे रूळ येथे एकमेकांस छेदून जाऊ लागले. राज्य, रूळ आणि डाक या साऱ्यांनी एकाच भूगोलाचा उपयोग करून घेतला.

तेव्हा चार-पाच तासांचा अवकाश असेल, तर प्रवाशाने विमानतळावरच्या खुर्चीत बसून राहू नये. परतून सुरक्षा-तपासणीसाठी लागणारा दीड तास आधी बाजूस काढावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने विमानतळाजवळच्या स्थानकातून सीताबर्डीस जावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्याच दिवशी खुला होतो. इतर दिवशी टेकडी बाहेरूनच पाहावी लागते. झिरो माईल पाहून, तर्रीपोह्यांचा आस्वाद घेऊन, मग दीक्षाभूमीकडे वळावे. ती सीताबर्डीपासून दूर नाही.

दीक्षाभूमीवर आले की वाटेवरचे गाव ही कल्पनाच बदलून जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच का निवडले, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितले. बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, असा त्यांचा विचार होता. रूळांच्या किंवा विमानांच्या सोयीशी त्याचा संबंध नव्हता. विजयादशमीला आजही लाखो लोक येतात. त्यांच्यापैकी कोणासाठीही नागपूर हा मधला थांबा नसतो.

विमानांचा पल्ला वाढला, रात्रीची डाक सत्तरच्या दशकात बंद पडली, आणि मध्यरात्रीचा तो बाजार उठला. भूगोलाने दिलेला मान असा काळाबरोबर ओसरतो. माणसांनी विचारपूर्वक दिलेला मान टिकून राहतो. ज्या विमानतळावर एके काळी केवळ थैल्या बदलत, त्याला आज बाबासाहेबांचे नाव आहे. दुसऱ्या विमानाची वाट पाहताना प्रवाशाची नजर त्या नावावर गेली, तर त्याने उठावे आणि शहरात एक फेरी मारून यावी. विमान चुकणार नाही, आणि शहरही चुकणार नाही.