आवाज कोणाचा?

मागल्या जयंतीला आमच्या चाळीतल्या पोरांनी जलसा केला. एकजण पुढं बसून सगळं टिपून गेला. विचारलं? नाही. पुढं ते त्याच्याच नावानं विकायला आलं, कवनं माझी! मग रातपाळी संपवून मी कायदा वाचायला बसलो.

1930च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. गाणी तोंडोतोंडी गेली, कोण कोणाला परवानगी मागणार? 1957च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाऱ्याला हक्क दिला. गाणारा, नाचणारा कोरडाच. 1978 साली मुंबई हायकोर्टानं देव आनंदच्या खटल्यात सांगितलं, सिनेमातल्या अभिनयावर नटाचा कॉपीराइट नाही. देव आनंदची ही गत, तिथं आमच्या ढोलकीवाल्याला कोण पुसतो!

1994ची दुरुस्ती 10 मे 1995पासून लागू झाली, तेव्हा कुठं 38व्या कलमानं कलाकाराला हक्क आला. आधी 25 वर्षं, 1999च्या दुरुस्तीनं 50.

फुकट खेळ करणाऱ्या हौशी मंडळाला 52वं कलम सूट देतं. म्हंजे खेळ करायला. रेकॉर्ड करून विकायला नव्हे. तिथं लेखकालाही विचारायचं, गाणाऱ्यालाही.

त्या माणसाला पत्र टाकलंय. खाली माझी सही, ढोलकीवाल्याचा अंगठा. उत्तर अजून नाही.