मोटारसायकलीचा शीतारंभध्वनी
रात्रभर निष्क्रिय राहून गार पडलेले एंजिन सुरू करताना आरंभी होणारा खडखडाट. वाशीम जिल्ह्यात हिवाळ्याच्या पहाटे तो परिचित आहे. त्याचे मुख्य कारण असे, की वंगणतेल रात्रीतून तळाशी उतरते, गारठ्याने दाट होते आणि टॅपेट, टायमिंग चेन यांपर्यंत ते पुन्हा पोहोचेतो धातूवर धातू आदळत राहतो. शिवाय ॲल्युमिनियमचा दट्ट्या उष्णतेने पुरेसा प्रसरण पावेपर्यंत सिलिंडरात किंचित सैल खेळतो. यास्तव पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच तेल वापरून ते मुदतीत बदलावे (१०डब्ल्यू-३० हे २०डब्ल्यू-४० पेक्षा थंडीत अधिक प्रवाही असते), टॅपेटची फट एंजिन थंड असतानाच जुळवून घ्यावी, आणि गाडी सुरू होताच मूठ पिळण्याचा बोकाळलेला सोस सोडून तिला अर्धा मिनिट संथ चालू द्यावे. एंजिन तापल्यावरही ठोके कायम राहिल्यास झीज झाल्याचा संशय घ्यावा. सायलेन्सरमध्ये फेरफार करून केलेला गोंगाट मात्र निराळ्या सदरात, म्हणजे बेकायदा वर्तनात, मोडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांन्वये निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे.