बेने इस्रायल : नावाचा अर्थ

कोकणातील मराठी बोलणारा यहुदी समाज स्वतःला ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलची मुले, म्हणवतो. तेलघाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांवरून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे, आपल्याकडील अनेक घराण्यांप्रमाणेच, गावांवरून पडली.

‘इस्रायल’चा अर्थ मात्र वादाचा आहे. बायबलमध्ये रात्रभराच्या झुंजीनंतर याकोबाला हे नाव मिळते. तेथे अर्थ ‘देवाशी झुंजलेला’. परंतु ‘एल’ (देव) शेवटी असलेल्या हिब्रू नावांत देव बहुधा कर्ता असतो, उदा. इश्माएल, ‘देव ऐकतो’. म्हणून काही अभ्यासक ‘देव झुंजतो’ किंवा ‘देव राज्य करतो’ असा अर्थ लावतात. पहिल्या शतकातील फायलोने ‘देवाला पाहणारा’ असा अर्थ दिला. इ.स.पू. सुमारे १२०८ च्या, इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात हे नाव आढळते.

स्वतंत्र इस्रायलमध्ये गेल्यावर, विवाहाच्या प्रश्नावरून, या समाजाच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये तेथील धर्मपीठाने ते पूर्णपणे यहुदी असल्याचे मान्य केले. नावाच्या अर्थावरील चर्चा आजही चालू आहे.