कोणता कागद राहील, कोणता जाईल?

गेल्या पावसाळ्यात पुतणीच्या जात पडताळणीसाठी मी तीन महिने हेलपाटे घातले. आम्ही पिंजारी. माझ्या दादांनी म्हणजे आजोबांनी आयुष्यभर कापूस पिंजला, गाद्या भरल्या. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे : 'मुसलमान'. मास्तरांना तेवढंच पुरेसं वाटलं असेल. इकडे ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि 'मुसलमान' ही जात नव्हे असं समिती म्हणते. समितीचं चूक नाही. पण मग पिंजारी कुठे लिहिलंय?

अब्बा सांगायचे की दादांच्या दुकानाचं लायसन होतं, त्यावर धंदा लिहिलेला होता. म्हणून एका कचेरीत गेलो. तिथला कारकून भला माणूस. त्याने कपाटं उघडून दाखवली आणि म्हणाला, "चाचा, ते रजिस्टर मुदतीचं होतं. मुदत संपली, यादी झाली, साहेबांची सही झाली, नष्ट केलं. आमच्या जन्माच्या आधीची गोष्ट."

तो खोटं बोलत नव्हता. सगळं नियमानेच झालं होतं. त्या दिवसापासून मी हा नियम काय आहे ते शोधत गेलो.

आपल्या राज्यात सरकारी फाइल बंद झाली की तिला वर्ग दिला जातो. 'अ' म्हणजे कायम जतन. 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'क-१' पाच वर्षं आणि 'ड' एक वर्ष. वर्ग सुचवतो तो बहुतेक वेळा ते प्रकरण हाताळणारा कारकून, मान्य करतो त्याचा वरिष्ठ. मुदत भरली की यादी बनते आणि कागद जातो. यात काही गैर नाही. सगळेच कागद ठेवायचे म्हटलं तर माणसांना बसायला जागा उरणार नाही. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागारसुद्धा सरकारी कागदांपैकी शंभरातले एक ते तीनच कायमचे ठेवण्याजोगे मानतं. प्रश्न हा आहे की ते तीन कोणते, आणि कोणाच्या नजरेने निवडलेले.

या प्रश्नावर जाणत्यांमध्ये जुना वाद आहे. इंग्रज अभिलेखपाल हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात मांडलं की निवड अभिलेखपालाने करूच नये. ज्या खात्याने कागद निर्माण केला त्यानेच ठरवावं, म्हणजे पुढच्या अभ्यासकाचा पूर्वग्रह मध्ये येणार नाही. अमेरिकेचे शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये वेगळी बाजू घेतली : कागदाचं एक मोल खात्याला असतं, दुसरं मोल इतरांना असतं, आणि ते दुसरं ओळखणं हे अभिलेखपालाचं काम आहे. ब्रिटनने १९५४ च्या ग्रिग समितीनंतर मधला मार्ग काढला. फाइल बंद झाल्यावर पाच वर्षांनी पहिली तपासणी. त्यात पाहायचं ते खात्याला स्वतःच्या कामासाठी ती लागणार आहे का एवढंच. त्यातून जे वाचेल त्याची पंचवीस वर्षांनी दुसरी तपासणी, इतिहासाच्या दृष्टीने. विचार असा की खात्याला जे महत्त्वाचं, ते इतिहासालाही बहुधा महत्त्वाचं असेल.

हा विचार कुठे फसतो ते त्याच देशात दिसलं. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक ब्रिटनमध्ये कामाला आले. 'विंडरश' या जहाजावरून त्या पिढीला नाव पडलं. अनेक मुलं आईबापांच्या पासपोर्टवर आली, त्यांच्याकडे स्वतःचा कागद नव्हता. ती कधी उतरली याची खूण म्हणजे बंदरावर भरलेली उतरण्याची कार्डं. ती गृहखात्याच्या तळघरात पडून होती. २००९ मध्ये ती नष्ट करण्याचा निर्णय झाला आणि २०१० मध्ये कार्डं गेली. खात्याला त्यांचा उपयोग वाटला नाही. पुढे कायदे कडक झाले आणि त्याच लोकांना विचारलं गेलं की तुम्ही १९७३ पूर्वीपासून इथे आहात याचा पुरावा काय? काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर घालवलं. २०१८ मध्ये पंतप्रधानांना माफी मागावी लागली. कागद नष्ट करणारं आणि कागद मागणारं खातं एकच होतं, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आपल्याकडे याची सुरुवात याहून जुनी आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुण्याचं दफ्तर कंपनी सरकारच्या हाती आलं. ते जपलं गेलं, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. जमिनीचा सारा कोणाकडून घ्यायचा आणि इनाम कोणाचं खरं, हे ठरवायला ते हवं होतं. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तेव्हा इनामदाराला आपला हक्क सिद्ध करावा लागे. सनद दाखवा, नाहीतर दफ्तरात नोंद सापडली पाहिजे. त्यात देवस्थानं होती, जोशी-कुलकर्णी होते, तसेच काझी, मुलाणी, खतीब आणि दर्ग्यांचे मुजावरही होते. आदिलशाहीतली कितीतरी इनामं मराठ्यांच्या राज्यात तशीच चालू राहिली होती. ज्याचा कागद दफ्तरात होता तो वाचला. ज्याचा वाळवीने खाल्ला त्याची जमीन खालसा होण्याची भीती. त्याच रुमालांमधून पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तराचे ४५ खंड निघाले. म्हणजे महसुलासाठी जपलेला कागद शंभर वर्षांनी इतिहास झाला. जपणाऱ्यांच्या मनात ते नव्हतं.

अलीकडचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामाच्या राज्यातले उर्दू कागद आणि मोडीतले कागद बाहेर निघाले. ज्या उर्दूकडे कोणी पाहत नव्हतं ती वाचणारी माणसं एकदम शोधावी लागली. एका समाजाचा हक्क दुसऱ्याची म्हणून बाजूला टाकलेल्या लिपीत सापडला. यावर कोणी राजकारण करो, मला त्यातला धडा मोठा वाटतो : आज निरुपयोगी दिसणारा कागद उद्या कोणाच्या उपयोगी पडेल हे कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणूनच कायद्याने कुंपण घातलं आहे. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे १८९२ पूर्वीचा कागद नष्ट करता येत नाही; तो अगदीच निकामी झाला असेल तर गोष्ट वेगळी. बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या राज्याचा असाच कायदा २००५ चा आहे. माहिती अधिकारात 'फाइल सापडत नाही' हे उत्तर पुरेसं नाही, चौकशी करून जबाबदारी ठरवली पाहिजे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा कोणी म्हणालं की कागद नष्ट झाला, तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागा. यादी असेल तर निर्णय झाला होता. यादी नसेल तर तो निर्णय नव्हता, हयगय होती.

पुतणीचं काय झालं ते सांगतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात आमच्या गावचं कोतवाल बुक मिळालं, जन्ममृत्यूच्या नोंदींचं. मोडीत होतं. वाचणाऱ्या गुरुजींनी बोट सरकवत नेलं आणि थांबले. दादांच्या जन्माची नोंद, वडिलांचं नाव, आणि पुढे 'मुसलमान पिंजारी'. त्या कोतवालाने आमच्या सोयीसाठी लिहिलं नव्हतं. सरकारला जन्म मोजायचे होते म्हणून ते पुस्तक टिकलं. लायसनही सरकारनेच दिलेलं, पण फी वसूल झाल्यावर त्याचं काम संपलं. आमच्या शेजारच्या घराची नोंद ज्या पानावर असायला हवी ते पान मात्र नव्हतं. त्यांचा मुलगा अजून हेलपाटे घालतोय.

घरी आलो तेव्हा अम्मीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या दादांची एक पेटी होती रे. उर्दू कागद होते त्यात. वर अल्लाहचं नाव लिहिलेलं, पायाखाली येऊ नये म्हणून रमजानच्या आधी आम्ही सगळं पोत्यात भरून नदीत सोडलं."

कित्येक घरांत असंच होतं. बिस्मिल्लाने सुरू होणारा कागद पाक, म्हणून तो रद्दीत जात नाही, पाण्यात जातो. त्यात दुवांची पानं असतील, तशीच भाडेपावती, खरेदीखत, निकाहनामा, एखादी सनदही असेल. ते कोणी वाचून पाहिलं नाही, कारण घरात उर्दू वाचणारं कोणी उरलं नव्हतं. सरकारी कारकुनाकडे निदान एक यादी असते, एक सही असते. आमच्याकडे तीही नव्हती.

अदब ठेवायचीच आहे तर आधी वाचून घेऊ. वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढू, वाचणाऱ्याला दाखवू, मग ठरवू. अम्मीला मी काही बोललो नाही. तिने जे केलं ते आदराने केलं होतं. फक्त माळ्यावर अजून एक ट्रंक आहे, ती आता माझ्याशिवाय कोणी उघडायची नाही एवढं घरात सांगून ठेवलंय.