लेखणीवरचा संसार

यवतमाळ येथे १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद गजानन दिगंबर माडगूळकर यांच्याकडे होते. महागाव, पुसद, उमरखेड या बाजूच्या ज्या तरुणांस लिहिण्याची हौस होती, त्यांच्या दृष्टीने या निवडीस विशेष अर्थ होता. अध्यक्ष प्राध्यापक नव्हते, वकीलही नव्हते. मॅट्रिकची परीक्षासुद्धा त्यांच्या हातून पार पडली नव्हती. त्यांनी संसार चालविला तो लेखणीवर.

आपल्या भाषेत अशी उदाहरणे फार नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली ती सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून. नोकरी सोडली ती १८७९ मध्ये, आणि पुढे तीन वर्षांच्या आतच, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्यानंतरच्या बहुतेक लेखकांनी पगार एका हाती व लेखणी दुसऱ्या हाती धरली. ही तडजोड निंद्य नव्हे. परंतु ज्यास ती साधत नाही त्याने लिहिण्याची उमेद कोठून आणावी, हा प्रश्न उरतोच.

माडगूळकरांचे बाळपण माडगूळ व औंध येथे गरिबीत गेले. चित्रपटांत लहानसहान भूमिका, वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचे काम, मग पदे, कथा, संवाद, पटकथा असा त्यांचा क्रम आहे. यांतील बहुतेक लिखाण दुसऱ्याच्या मागणीवरून झालेले. मागणीवरून लिहिलेले ते हलके, अशी समजूत आपल्या विद्वानांत रूढ आहे. तिचे उत्तर ‘गीतरामायणा’त सापडते.

पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी वर्षभर चालेल अशी मालिका मागितली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पहिले गीत प्रक्षेपित झाले. दर आठवड्यास नवे गीत. सुधीर फडके यांनी त्यास चाल द्यावयाची. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५२ गीतांची ५६ झाली. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा लाडांनी कवीस खोलीत कोंडले व थोड्याच वेळात गीत पुन्हा उतरले, असे सांगतात. कथेत अतिशयोक्ती असेल. परंतु पंचांगाने ठरविलेला तो वार टळण्याजोगा नव्हता, यात अतिशयोक्ती नाही.

स्वतंत्र लेखकाचा खरा शत्रू दारिद्र्य नव्हे, रिकामा दिवस होय. कचेरीत जाणाऱ्या मनुष्याचा दिवस घड्याळ बांधून देते; घरी बसून लिहिणाऱ्याचा दिवस कोणीच बांधीत नाही. मग स्फूर्तीची वाट पाहण्यात दुपार जाते व रात्री आपणच आपले न्यायाधीश होतो. माडगूळकरांस त्या वर्षी तीन आधार होते: ठरलेला वार, चाल बांधण्यास थांबलेला स्नेही, आणि रेडिओभोवती जमलेला श्रोता. कथेच्या रचनेनेही साह्य केले. आठवड्यागणिक बोलणारे पात्र बदलत असल्यामुळे कवीचे मन एकाच सुरात थकले नाही.

तथापि केवळ मुदतीने काव्य निपजते, असे कोणी समजू नये. मुदत ही मोट आहे. विहिरीस पाणी मात्र आधीचे हवे. ते संतांच्या अभंगांतून, पंडितकवींच्या वृत्तांतून, आईच्या तोंडच्या ओव्यांतून लहानपणीच साठले होते. आणि विहीर उपसली म्हणजे तिला झरू द्यावे लागते: माडगूळ्याच्या शेतातील ‘बामणाचा पत्रा’ या साध्या निवाऱ्यात माडगूळकर बंधू लिहिण्यास जाऊन बसत, याचा अर्थ मी असाच करतो.

शिवाय या मार्गाची किंमतही विसरता येत नाही. काम आज असते, उद्या नसते. मोबदल्याची शाश्वती नाही, आणि आजारपणाची रजा कोणी देत नाही. म्हणून महागावच्या होतकरू लेखकास मी नोकरी सोड असे सांगणार नाही, सोडू नको असेही नाही. त्याने दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: आपल्या लिखाणाची कोणी वाट पाहत आहे काय, आणि आपल्या विहिरीत किती पाणी आहे. ही दोन्ही असल्यास स्फूर्तीची चिंता त्याने खुशाल तिच्यावरच सोपवावी.