तोच हा देवदत्त: शेकाच्या रेघेपासून शिकलेल्या यंत्रापर्यंत

मंडळी, या शिवाजी पार्कवरून परळचं टाटा हॉस्पिटल फार लांब नाही. 28 फेब्रुवारी 1941 ला ते सुरू झालं, 1962 मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. 1980 च्या सुमारास माझ्या थोरल्या भावाला मी परळला शेकासाठी न्यायचो. रेडिएशनला तेव्हा सगळे शेकच म्हणत. त्याच्या छातीवर शाईच्या रेघा होत्या. वहिनी रोज सकाळी ओरडायची, "अहो, रेघांवर पाणी घेऊ नका!"

ती रेघ काय करत होती? कालचं शरीर आणि आजचं शरीर जुळवत होती. आपल्या दर्शनांत याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. "तोच हा देवदत्त." नैयायिक म्हणतो, वस्तू टिकते म्हणून ओळख पटते. बौद्ध विचारतो, कापून पुन्हा वाढलेलं नख तेच का? सारखं दिसतं, एवढंच.

रेघ मात्र फक्त कातडीचं सांगायची. आत मूत्राशय भरतं, फुप्फुस हलतं. 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि आतलं दिसू लागलं. मग अडचण अशी, की सीटीत हाड पांढरं आणि एमआरआयमध्ये काळं. जुळवायचं कसं? 1995 च्या आसपास अमेरिकेत आणि बेल्जियममध्ये एकच युक्ती स्वतंत्रपणे निघाली: छटा सारख्या नसू देत, एका चित्रातली छटा कळल्यावर दुसऱ्यातली किती ओळखता येते ते मोजा. मला हे फार आवडतं. इथं सारखेपणाऐवजी संबंध धरलाय.

पुढे चित्र रबरासारखं ताणून बसवायला लागले. त्यात प्रत्येक जोडीचं गणित नव्याने करावं लागे, वेळ जाई. डीप लर्निंगने ते उलटवलं. 2018 च्या व्हॉक्सेलमॉर्फसारखं जाळं आधी पुष्कळ जोड्यांवर शिकतं, मग नवी जोडी काही सेकंदांत जुळवतं. शिकवताना खरं उत्तर कुणी देत नाही, बरं का. ते कुणाकडे नसतंच! एवढंच सांगतात, की चित्रं एकमेकांसारखी कर आणि फार वेडंवाकडं ताणू नकोस.

म्हणजे बौद्धाचा आक्षेप आला ना परत? गाठ पाच सेंटीमीटरची होती, पंधरा शेकांनंतर तीनची झाली. विरघळलेल्या भागाचा आजचा बिंदू कुठला? कुठलाच नाही. पण यंत्र "नाही" म्हणत नाही, गुळगुळीत उत्तर देतं. यकृताच्या पोटात तर सगळं एकसारखं करडं, धरायला खूणच नाही, तिथेही देतं. त्या उत्तरावरच पुढे हिशेब होतो, मज्जारज्जूला आजवर किती मात्रा पोचली याचा. चित्र सुरेख जुळलंय आणि बिंदू चुकलाय, असं होऊ शकतं. म्हणून डॉक्टर आणि भौतिकीवाले अजून स्वतः डोळ्यांनी तपासतात. वेळ वाचतो म्हणून ही तपासणी कुणी काढू लागलं, तर मी विरोध करीन.

शेवटच्या शेकाच्या दिवशी भाऊ घरी आला, कुणाशी बोलला नाही, आणि साबण घेऊन थेट मोरीत शिरला.