वांशिक अध्ययन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन (इंडियन), मेक्सिकन व आशियाई वंशाच्या समाजांचा इतिहास, साहित्य आणि सामाजिक स्थिती यांचा त्या समाजांच्या दृष्टीतून विचार करणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. वंश ही निसर्गसिद्ध वस्तू नसून कायदा, श्रमव्यवस्था व शासनव्यवहार यांतून घडलेली सामाजिक कोटी होय, हे तिचे आधारतत्त्व. पदवीसाठी मुख्य विषय म्हणून ती निवडणाऱ्या विद्यार्थ्यास काय लाभते, हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच वादाचा ठरला आहे.

तिची पूर्वपीठिका जुनी आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३) यांनी अटलांटा विद्यापीठात १८९७ पासून कृष्णवर्णीयांच्या जीवनाच्या पद्धतशीर पाहण्या चालविल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये त्यांना पत्र लिहून निग्रो व अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले आणि त्यामुळे निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास आपणास आवश्यक वाटतो, असे कळविले. परंतु विद्यापीठांच्या नित्य अभ्यासक्रमात या विषयास स्थान मिळाले, ते संघर्षानंतरच. सॅन फ्रॅन्सिस्को राज्य महाविद्यालयात ६ नोव्हेंबर १९६८ रोजी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. इंग्रजीचे अध्यापक व ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते जॉर्ज मरी यांचे निलंबन हे त्याचे तात्कालिक कारण. स्वतंत्र अध्ययनविभाग व वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना अधिक प्रवेश या मूळ मागण्या होत्या. महाविद्यालयाचे नवे अध्यक्ष एस. आय. हायाकावा स्वतः जपानी वंशाचे असूनही संपाचे कठोर विरोधक होते. शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली. मार्च १९६९ मध्ये तडजोड होऊन त्याच वर्षी तेथे या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. बर्कली येथेही त्याच वर्षीच्या संपानंतर विभाग स्थापन झाला.

स्वसमाजाविषयीचा अभिमान हा या शिक्षणाचा लाभ म्हणून वारंवार सांगितला जातो. तो खरा असला, तरी दुय्यम होय. अधिक टिकाऊ लाभ पद्धतीचा आहे. नागरिकत्वाच्या दोन निवाड्यांवरून तो स्पष्ट होतो. तत्कालीन कायद्यानुसार आशियाई स्थलांतरितास नागरिकत्व मिळविण्यासाठी आपण ‘गोरे’ असल्याचे सिद्ध करावे लागे. टाकाओ ओझावा या जपानी अर्जदारास १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, तो गोरा म्हणजे कॉकेशियन या आधारावर. पुढे तीनच महिन्यांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद या पंजाबी अर्जदाराने आपण शास्त्रीय वर्गीकरणानुसार कॉकेशियन असल्याचे दाखविले. तेव्हा त्याच न्यायालयाने शास्त्र बाजूस सारून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती सदरलंड यांचीच. ती शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्यास वंश ‘घडविला’ जातो म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही; शिवाय कोणताही शासकीय दस्तऐवज कोणी, कोणासाठी लिहिला हे विचारण्याची सवय जडते. ही सवय गोऱ्या विद्यार्थ्यासही तितकीच उपयोगी पडते.

दुसरा लाभ साधनसामग्री शोधण्याचा. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी स्थलांतरितांना चौकशीसाठी अडकवून ठेवीत. त्यांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या होत्या. इमारत पाडली जाण्याच्या बेतात असता १९७० मध्ये एका उद्यानरक्षकाचे लक्ष तिकडे गेले. त्याने सॅन फ्रॅन्सिस्को राज्य महाविद्यालयातील एका आशियाई वंशाच्या प्राध्यापकास कळविले. छायाचित्रे घेण्यात आली, समाजाने चळवळ केली व बराकी वाचल्या. हिम मार्क लाय, जेनी लिम व ज्यूडी युंग यांनी या कवितांचे भाषांतरित संकलन १९८० मध्ये प्रसिद्ध केले. आजोबा-पणजोबांच्या मौनाचा अर्थ त्यामुळे अनेकांना प्रथमच उमगला.

या शाखेमुळे फुटीर वृत्ती बळावते आणि अर्थार्जनास तिचा उपयोग नाही, असे दोन आक्षेप घेतले जातात. दुसरा आक्षेप अतिरंजित आहे. तिचे पदवीधर अध्यापन, वकिली, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, वस्तुसंग्रहालये इ. क्षेत्रांत जातात. पहिला आक्षेप मात्र सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. एकाच समाजापुरते शिकवले गेल्यास तुलनात्मक दृष्टी हरपते. रोनाल्ड टाकाकी (१९३९–२००९) यांनी बर्कली येथे तुलनात्मक अध्यापनावर भर दिला, तो म्हणूनच महत्त्वाचा. तेथे या विषयातील पीएच्.डी. अभ्यासक्रम १९८४ मध्ये सुरू झाला.

लाभाचे मोजमाप अवघड आहे. थॉमस डी व एमिली पेनर यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सॅन फ्रॅन्सिस्कोमधील अभ्यासात मागे पडलेल्या नववीच्या विद्यार्थ्यांची उपस्थिती या विषयामुळे २१ टक्के-अंकांनी वाढल्याचे आढळले. तिच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेण्यात आले. शिवाय ती शालेय विद्यार्थ्यांची असल्याने पदवी-शिक्षणास ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या २०२० च्या कायद्याने तेथील राज्य विद्यापीठाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांना या विषयाचा एक पाठ्यक्रम अनिवार्य झाला. मुख्य विषय म्हणून तो घेणाऱ्यांची संख्या मात्र अद्याप लहानच आहे.